सिलतरा : भाताच्या गावात लोखंडाची भट्टी

रायपूरहून बिलासपूरच्या रस्त्याला लागले की बिरगाव, उरला मागे पडतात आणि साधारण पंधरा किलोमीटरवर झाडांचा रंग पालटतो. बाभूळ काय, पिंपळ काय, कडुनिंब काय, साऱ्यांची पाने सारखीच काळपट दिसू लागतात. रस्त्याच्या कडेला कोळशाचे आणि लोहखनिजाचे ट्रक रांगेने उभे असतात. टपऱ्यांवर चहा उकळत असतो, पंक्चर काढणाऱ्यांची दुकाने गजबजलेली असतात आणि त्यांच्या मागे एकामागून एक धुराडी. हेच सिलतरा.

छत्तीसगडमधील रायपूर जिल्ह्याच्या धरसींवा तालुक्यातले हे गाव. लोखंडाच्या व्यापारात ज्यांचा वावर आहे त्यांना ते चांगले ठाऊक असते. स्पंज आयर्न आणि इन्गॉटचा रायपूरचा भाव देशभरचे व्यापारी रोज विचारतात, आणि त्या भावामागे ज्या भट्ट्या आहेत त्यांपैकी कितीतरी सिलतऱ्यात आहेत. पण सिलतरा हे मुळात भात पिकवणारे खेडे आहे, त्याला तळे आहे, ग्रामदैवत आहे, सणवार आहेत, हे त्या व्यापाऱ्यांपैकी किती जणांना ठाऊक असेल? कागदोपत्री या गावाचे नाव ‘औद्योगिक विकास केंद्र’ असे झाले, आणि गाव त्या नावाच्या आड गेले.

नागपूरचा जुना शेजार

मराठी माणसाला हा मुलूख परका नाही. १७४१ साली नागपूरकर भोसल्यांचे सेनानी भास्करपंत कोल्हटकर यांनी रतनपूरवर चाल केली आणि छत्तीसगडच्या कलचुरी राजवटीचा शेवट सुरू झाला. १७५८ मध्ये बिंबाजी भोसले रतनपूरला राहून कारभार पाहू लागले. १७८७ मध्ये त्यांचे निधन झाल्यावर नागपूरहून सुभेदार येऊ लागले. १८१८ मध्ये इंग्रज अधिकारी अॅग्न्यू याने कारभाराचे ठाणे रतनपूरहून रायपूरला हलवले, आणि १८५४ मध्ये नागपूरचे राज्य खालसा झाले तेव्हा छत्तीसगडही कंपनी सरकारच्या हाती गेले.

तरीही नागपूरची सोबत सुटली नाही. १८६१ मध्ये मध्य प्रांत स्थापन झाला. त्याची राजधानी नागपूर, आणि रायपूर त्याच प्रांतातला एक जिल्हा. १ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्यांची पुनर्रचना होईपर्यंत भंडाऱ्याचा शेतकरी आणि रायपूरचा शेतकरी एकाच सरकारला सारा भरत होते. दोन्हीकडे मालगुजारी होती. ती दोन्हीकडे १९५१ मध्ये एकाच कायद्याने संपली. भंडारा-गोंदियाकडच्या माजी मालगुजारी तलावांना लोक आजही ‘मामा तलाव’ म्हणतात. रायपूरकडेही गावोगावी तळी आहेत, आणि मालगुजाराला तिकडे ‘गौंटिया’ म्हणत. रायपूर शहरात महाराष्ट्र मंडळ १९३५ पासून आहे.

हा शेजार आजही चालू आहे, फक्त त्याचे रूप बदलले. सिलतऱ्यात पोलाद कारखाना असलेल्या जायसवाल निको उद्योगाचे मुख्यालय नागपूरचे. सकाळच्या गाडीने नागपूरहून निघालेला यंत्रांचा विक्रेता किंवा फौंड्रीचा अभियंता दुपारी सिलतऱ्यात काम उरकतो. त्याने गावात पाऊल टाकलेच, तर त्याला आपल्या आजोळची आठवण करून देणाऱ्या पुष्कळ गोष्टी तिथे सापडतील.

बलुतेदारी आणि पौनी-पसारी

छत्तीसगडच्या सपाटीवरच्या खेड्याची घडी आपल्या झाडीपट्टीतल्या खेड्यासारखीच. जमिनीची नावे मात्र वेगळी. काळी भारी जमीन ती ‘कन्हार’, पिवळसर भाताची ती ‘मटासी’, दोहोंच्या मधली ‘डोरसा’, आणि उंचावरची मुरमाड, खडकाळ ती ‘भाठा’. भात रोवण्यापेक्षा फेकून पेरण्याची रीत तिथे जुनी. पावसाच्या सुरुवातीला बी फेकायचे, आणि महिनाभराने बांधीत पाणी साचले की उभ्या पिकातून नांगर फिरवायचा. याला ‘बियासी’ म्हणतात. नवख्या माणसाला वाटते, पिकाचा नाश चालला आहे. प्रत्यक्षात तण मोडते, दाटी कमी होते आणि रोपे जोमाने फुटतात. भात निघण्याआधीच ओल्या बांधीत लाखोळी फेकतात. ही रीत भंडाऱ्याच्या शेतकऱ्याला समजावून सांगावी लागणार नाही.

आपल्याकडे जशी बलुतेदारी, तशी तिकडे ‘पौनी-पसारी’. गुरे राखणारा राऊत, न्हावी, धोबी, लोहार या साऱ्यांना वर्षाकाठी धान मिळे. गावाचा निरोप्या आणि राखणदार तो कोटवार. देवदेवस्कीचे काम बैगाकडे.

सणांतही ओळखीचे चेहरे भेटतात. आपल्या पोळ्याच्याच दिवशी छत्तीसगडात ‘पोरा’ असतो. मुलगे मातीचा, चाकांचा नंदीबैल ओढत हिंडतात आणि मुली मातीच्या जात्या-चुलीशी खेळतात. नागपूरच्या तान्ह्या पोळ्यातल्या लाकडी बैलाचा हा मातीचा भाऊच. लगेच येणारी हरतालिका तिकडे ‘तीजा’ म्हणून साजरी होते. त्यासाठी लेकीला माहेरी आणण्याचा रिवाज इतका पक्का की त्या दिवसांत एस.टी.सारख्या गाड्यांत बायकामुलांची झुंबड उडते. पौष पौर्णिमेला ‘छेरछेरा’. नवे धान घरात आलेले असते आणि मुले दारोदार जाऊन ओंजळभर धान मागतात. त्या दिवशी मागण्यात कमीपणा नाही, आणि कोणी नाही म्हणत नाही.

लोखंडाशी गावाचे नाते सांगणारा सण म्हणजे ‘हरेली’. मराठी पंचांगाप्रमाणे ती आषाढ अमावास्या. नांगर, कुदळ, विळा धुऊन त्यांची पूजा होते. पोरे बांबूच्या ‘गेडी’वर, म्हणजे उंच काठ्यांवर चढून चिखलातून चालतात. राऊत दाराला कडुनिंबाची डहाळी खोचतो, आणि लोहार घरोघर जाऊन चौकटीत एक खिळा ठोकतो, रोगराई आणि पीडा घरात येऊ नये म्हणून. त्याला सुपात धान मिळते. पिढ्यान्‌पिढ्या गावात लोखंड येत होते ते असे, नांगराचा फाळ होऊन किंवा चौकटीचा खिळा होऊन.

कारखाने सिलतऱ्यालाच का?

१९५९ च्या फेब्रुवारीत भिलाईची पहिली झोतभट्टी पेटली आणि हा सारा पट्टा पोलादाचा झाला. दल्ली-राजहराचे लोहखनिज, कोरब्याचा कोळसा आणि वीज, मुंबई-हावडा लोहमार्ग, हमरस्ता, आणि जवळच खारून नदी. कारखानदाराला आणखी काय हवे? १९८८ मध्ये केंद्र सरकारने मागास भागांसाठी औद्योगिक विकास केंद्रांची योजना जाहीर केली. तेव्हाच्या मध्य प्रदेशात ज्या जागा त्यासाठी निवडल्या गेल्या, त्यांत दुर्गजवळचे बोरई होते आणि रायपूरजवळचे सिलतरा होते. १९९१ च्या नव्या औद्योगिक धोरणाने पोलादावरचे परवान्याचे बंधन उठवले. मग खासगी कारखाने भराभर उभे राहिले. १ नोव्हेंबर २००० रोजी छत्तीसगड वेगळे राज्य झाले, आणि सिलतऱ्याची सूत्रे नव्या राज्याच्या औद्योगिक विकास महामंडळाकडे आली.

इथे मुख्यतः तयार होते ते स्पंज आयर्न. एक लांबलचक, किंचित कललेली, सावकाश फिरणारी नळकांड्यासारखी भट्टी. तिच्यात लोहखनिज, साधा दगडी कोळसा आणि थोडा डोलोमाइट घालतात. हजार अंश सेल्सियसच्या आसपास तापमानाला खनिजातला प्राणवायू निघून जातो, पण लोखंड वितळत नाही. मागे राहतो तो भोकाभोकांचा, स्पंजासारखा ढेकूळ. तो विजेच्या भट्टीत वितळवला की पोलाद. झोतभट्टीला लागणारा महागडा कोकिंग कोळसा याला लागत नाही, आणि थोड्या भांडवलात कारखाना काढता येतो. म्हणून तर २००३ पासून स्पंज आयर्नच्या उत्पादनात भारत जगात पहिला आहे. घर बांधताना स्लॅबमध्ये जी सळई पडते, तिच्यात या भट्ट्यांचा वाटा असण्याचा संभव बराच आहे. मुंबई-पुण्याच्या इमारतींचाही सिलतऱ्याशी संबंध पोचतो तो असा.

पानांवरची काळी पूड

या पद्धतीचा दोष तिच्या स्वस्ताईतच आहे. एक टन स्पंज आयर्न काढायला साधारण दीड टनाहून जास्त खनिज आणि एक टनाहून जास्त कोळसा लागतो. उरलेल्याचे काय होते? थोडे जळते, थोडे राखेच्या आणि जळक्या कोळशाच्या ढिगात जाते, आणि थोडे धुराबरोबर वर जाते. हा धूर धुराड्यात जाण्यापूर्वी इलेक्ट्रोस्टॅटिक प्रेसिपिटेटर नावाच्या यंत्रातून नेला, तर विजेच्या भारामुळे धुळीचे कण पत्र्यांना चिकटतात आणि बाहेर पडणारी हवा बरीच स्वच्छ होते. यंत्र चांगले आहे. पण ते वीज खाते, आणि त्याची देखभाल करावी लागते. रात्री यंत्र बंद ठेवून भट्टी चालवतात, ही तक्रार देशातल्या प्रत्येक स्पंज आयर्न पट्ट्यात ऐकू येते. रायपूरचे लोकही ती वर्षानुवर्षे करत आले आहेत.

त्याचा अर्थ गावातल्या बाईला विचारावा. वाळत घातलेले धुणे संध्याकाळी काढताना पुन्हा झटकावे लागते. कुरडया-पापडासारखे वाळवण, तिकडची ‘बरी’ आणि ‘बिजौरी’, छतावर घालायचे तर वर कापड हवे. तळ्याच्या काठाला काळी रेघ बसते. भाताच्या पानावर धूळ साचली की पानाला ऊन कमी मिळते, त्याची रंध्रे बुजतात. मोठ्या पावसाने पाने धुतली जातात, पण ती धूळ मग बांधीतल्या चिखलात उतरते. आणि जी धूळ डोळ्यांना दिसतही नाही, ती श्वासाबरोबर फुप्फुसात खोल जाते.

सरकारला हे माहीत नाही असे नाही. २००८ मध्ये केंद्राने स्पंज आयर्न कारखान्यांसाठी स्वतंत्र प्रदूषण मानके अधिसूचित केली. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळ औद्योगिक भागांना हवा, पाणी आणि जमीन यांच्या स्थितीवरून गुण देते. सत्तरच्या वर गुण गेले की तो भाग अतिप्रदूषित. २०१८ च्या मूल्यमापनात या यादीत सिलतरा औद्योगिक क्षेत्राचे नाव रायपूरपासून वेगळे, स्वतंत्रपणे आले. एका लहानशा खेड्याचे नाव देशाच्या यादीत यावे, आणि तेही अशा!

भट्टीजवळ काम करणाऱ्यांचा धोका तर रोजचाच. सप्टेंबर २०२५ मध्ये सिलतऱ्यातल्या एका पोलाद कारखान्यात झालेल्या दुर्घटनेत सहा जणांचा जीव गेला. या कारखान्यांत स्थानिकांबरोबर बिहार, उत्तर प्रदेश, ओडिशा, झारखंडचे मजूरही असतात, आणि त्यांतले बरेच ठेकेदाराकडचे. एखादा गेला की बातमी हजार किलोमीटरवरच्या दुसऱ्याच एका खेड्यात पोचते.

भाठा कोणाचा?

आता एक गोष्ट नीट पाहायला हवी. कारखान्यांनी गावाला काहीच दिले नाही, असे म्हणणे खरे होणार नाही. खोल्या भाड्याने गेल्या, दुकाने निघाली, ट्रक आले, ज्याची जमीन गेली त्याला पैसे मिळाले. रोजगारासाठी ज्या छत्तीसगडी कुटुंबांना दरवर्षी परमुलखात, वीटभट्ट्यांवर जावे लागे, त्यांतल्या काहींना दारात काम मिळाले. मुलगा सायकलने कामावर जाऊन रात्री घरी येतो, याचे मोल आईला विचारावे.

मोबदला मिळाला तो नावावरच्या जमिनीचा. पण गावात नावावर नसलेलेही पुष्कळ असते.

कारखान्यांसाठी जागा शोधताना सरकारची नजर आधी जाते ती पडीक जमिनीकडे, म्हणजेच भाठ्याकडे. नांगर चालत नाही, पीक निघत नाही, म्हणून ती कागदावर निरुपयोगी. गावाला मात्र ती कधीच निरुपयोगी नव्हती. राऊताची गुरे तिथे चरत. खळे तिथे होई. मुले गेडीवर तिथे चढत, गावातली माणसे अखेर तिथेच कुठेतरी विसावत. भूमिहीन घराची एक गाय आणि दोन शेळ्या त्या भाठ्यावरच जगत. शेत नसलेल्याचे शेत म्हणजे भाठा. तो गेला, तर मोबदला कोणाला द्यायचा? सातबारासारख्या कोणत्याच उताऱ्यावर त्या भूमिहीन माणसाचे नाव नसते.

कायद्याला हे अगदीच ठाऊक नव्हते असेही नाही. १९५९ च्या मध्य प्रदेश जमीन महसूल संहितेत गावच्या ‘निस्तार’ हक्कांची तरतूद आहे, आणि छत्तीसगडने ती पुढे चालवली. चराई, सरपण, स्मशान, खळे, पाणवठा यांसाठी गावाला कोणती जागा वापरता येईल, याची नोंद ‘निस्तार पत्रका’त करायची असते. वहिवाटीच्या वाटा आणि पाण्याचे हक्क ‘वाजिब-उल-अर्ज’मध्ये. चंद्रपूर, गडचिरोली, भंडाऱ्याच्या लोकांना हा ‘निस्तार’ शब्द चांगला परिचयाचा आहे. आपल्याकडची गायराने कशी एकेक करून गेली, हेही सर्वांनी पाहिले आहे.

रायपूरशी जन्मभराचे नाते जोडलेले माधवराव सप्रे यांनी या प्रश्नाला फार पूर्वी हात घातला होता. मराठी घरातला हा माणूस हिंदीचा मोठा पत्रकार झाला. लोकमान्यांचे ‘गीतारहस्य’ आणि समर्थांचा ‘दासबोध’ त्यांनीच हिंदीत नेले. १९०० साली त्यांनी पेंड्रा गावाहून ‘छत्तीसगढ मित्र’ हे मासिक सुरू केले, आणि पुढच्याच वर्षी त्यात ‘एक टोकरी भर मिट्टी’ ही त्यांची छोटी कथा आली. एका जमीनदाराला आवार वाढवायचे असते, म्हणून तो शेजारच्या विधवेची झोपडी कोर्टकचेरी करून ताब्यात घेतो. ती येऊन चुलीसाठी तिथली टोपलीभर माती मागते आणि टोपली उचलू लागण्याची विनंती करते. त्याला ती उचलत नाही. मग म्हातारी त्याला सुनावते, आणि तो ओशाळून झोपडी परत करतो. सप्र्यांच्या कथेतल्या म्हातारीला निदान जाऊन भेटायला एक जमीनदार होता. भाठ्यावर शेळ्या चारणाऱ्या बाईने कोणाला भेटायचे? महामंडळाला, कंपनीला, की तहसीलला?

शेजारच्या मांढरचा धडा

कारखाना कायमचा असतो, या समजुतीतही अर्थ नाही. सिलतऱ्याच्या शेजारीच मांढर आहे. तिथे केंद्र सरकारच्या सिमेंट कॉर्पोरेशनचा कारखाना १९७० मध्ये सुरू झाला. एके काळी त्याच्या भोंग्यावर आसपासच्या गावांची घड्याळे लागत. १९९६ मध्ये तो बंद पडला. भाव पडला, कोळसा महागला, तंत्र जुने झाले की भट्टी थंडावते. मग कारखान्यावर जगणाऱ्या माणसाने पुन्हा शेताकडे वळायचे, तर शेत आणि तळे वळण्याजोगे उरायला हवे.

आणि शेत अजून मोलाचे आहे. २०२३-२४ च्या हंगामापासून छत्तीसगडात शेतकऱ्याला धानाचे क्विंटलमागे ३,१०० रुपये, एकरी २१ क्विंटलपर्यंत, मिळू लागले. धरसींवा तालुक्यात आजही पावसाळ्यात धुराड्यांच्या पायथ्याशी हिरव्यागार बांध्या दिसतात. त्या बांध्यांत राबणारी बाई पहाटे जी ‘बोरेबासी’ खाऊन निघते, म्हणजे रात्री पाण्यात भिजवलेला भात, कांदा आणि मिरची, तीच डब्यात घेऊन तिचा मुलगा भट्टीवर जातो. २०२२ च्या कामगारदिनी राज्य सरकारने सर्वांनी बोरेबासी खावी असे आवाहन केले होते, आणि मंत्र्यासंत्र्यांनीही ती खाल्ली. कष्टकऱ्याच्या ताटाचा तो मान बरोबरच होता. मात्र त्या ताटातला भात जिथे पिकतो ती बांधी, आणि तो ज्यात भिजतो ते पाणी, यांची काळजी एका दिवसाच्या जेवणाने घेतली जात नाही.

करण्याजोग्या गोष्टी फार अवघड नाहीत. धूळ रोखणारे यंत्र रात्रीही चालते की नाही, हे गावाला कळले पाहिजे. धुराड्यांवर मोजणीची यंत्रे असतात. त्यांचे आकडे मंडळाच्या दप्तरात जातात तसेच ग्रामपंचायतीच्या फळ्यावरही रोज लागावेत. कंपनी कायद्याप्रमाणे मोठ्या कंपन्यांना नफ्यातले दोन टक्के समाजासाठी खर्च करावे लागतात. त्यातून प्रवेशद्वाराच्या कमानी बांधण्यापेक्षा तळी उपसावीत. आणि कोणतीही नवी जागा कारखान्याला देण्यापूर्वी त्या गावचे निस्तार पत्रक ग्रामसभेत मोठ्याने वाचून दाखवावे. कुठे गुरे चरत होती, कुठे खळे होते, कोणत्या वाटेने बायका पाण्याला जात होत्या, ते सर्वांच्या देखत एकदा ऐकू यावे. जे जाणार आहे त्याची निदान यादी व्हावी, आणि ज्यांच्या नावावर काही नाही त्यांच्या नुकसानाचाही हिशेब त्या यादीत मांडला जावा.